बॉर्डरचं भिजत घोंगडं: अमेरिकेत निवडणूक जवळ आली की रिपब्लिकनांचं काय होतं

जेम्स लँकफर्ड हा ओक्लाहोमाचा सिनेटर. रिपब्लिकन, आणि तोही पक्का कंझर्व्हेटिव्ह, राजकारणात यायच्या आधी बाप्टिस्ट चर्चचं मुलांचं भलंमोठं शिबीर चालवायचा, म्हणजे हा डावीकडे झुकलाय असं कोणी स्वप्नातही म्हणणार नाही. 2023 च्या शेवटी पक्षाने त्याला पुढे केलं. बायडनला युक्रेनसाठी पैसे हवेत ना, मग आधी मेक्सिकोच्या बॉर्डरचं काहीतरी ठोस पदरात पाडून घ्या, तू बस डेमोक्रॅट्सबरोबर. हा बसला, ख्रिसमसची सुट्टीही त्यातच गेली, आणि 4 फेब्रुवारी 2024 ला रविवारी संध्याकाळी बिलाचा मसुदा बाहेर आला. बुधवारी, म्हणजे 7 तारखेला, ते सिनेटमध्ये पडलं. 49 विरुद्ध 50, आणि पुढे सरकायला लागतात 60. त्याच्या पक्षातून बाजूने मतं पडली चार, त्यातलं एक त्याचं स्वतःचं.

त्या दिवशी तो सभागृहात जे बोलला ते ऐकण्यासारखं आहे. त्याने सांगितलं की एका लोकप्रिय राजकीय भाष्यकाराने, बिलात काय आहे हे कळायच्या आधीच, आपल्याला तोंडावर सुनावलं होतं की अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षात तू बॉर्डरचा प्रश्न सोडवणारं बिल आणलंस तर तुला संपवायला मी जे करता येईल ते करीन, कारण निवडणुकीच्या काळात हा प्रश्न सुटायला नकोय. नाव घेतलं नाही त्याने. पण वर्षानुवर्षं लोकं ज्याचा नुसता संशय घेत होती ते एका रिपब्लिकन सिनेटरने सभागृहाच्या रेकॉर्डवर बोलून ठेवलं.

आपल्याकडे तेव्हा बातमी आली ती 'ट्रम्पने बिल पाडलं' एवढीच. ती चूक नाहीये पण अर्धी आहे, आणि उरलेली अर्धी समजायला थोडं मागून यावं लागतं.

आधी बॉर्डरवर नक्की होतं काय ते बघू, कारण आपल्या डोक्यात चित्र असतं की रात्री अंधारात लोकं तारा कापून पळतात. तसेही असतात. पण गेल्या दहा वर्षांत जी गर्दी झाली त्यातली बरीच माणसं पळतच नव्हती, ती नदी ओलांडून पलीकडे जायची आणि बॉर्डर पेट्रोलची गाडी यायची वाट बघत बसायची. कारण 1980 च्या निर्वासित कायद्याने, अमेरिकेच्या जमिनीवर पाय ठेवलेल्या कोणालाही असायलम मागता येतं, म्हणजे माझ्या देशात माझ्या जिवाला धोका आहे, मला आसरा द्या. मागितलं की केस इमिग्रेशन कोर्टात जाते. आणि कोर्टात 2023 च्या शेवटी केसेस तुंबल्या होत्या 30 लाखांच्या वर. एवढ्या लोकांना कोठडीत ठेवायला जागा नाही, मग तारीख देऊन सोडायचं, तारीख कित्येकदा काही वर्षांनंतरची, तोवर माणूस शिकागोत नाहीतर न्यूयॉर्कमध्ये कामाला लागलेला. कंझर्व्हेटिव्ह लोकं याला 'पकडा आणि सोडा' म्हणून हिणवतात, आणि इथे त्यांचा मुद्दा उगाच काढलेला नाहीये हे मान्य करायला पाहिजे. दावा खरा की खोटा हे ठरायलाच वर्षं लागणार असतील तर दावा करणं हाच आत शिरायचा रस्ता होतो, हे तस्करांना कोणी समजावून सांगायला लागत नाही.

बायडन आल्यावर पहिल्याच दिवशी भिंतीचं काम थांबवलं, केस चालेपर्यंत मेक्सिकोतच थांबा ही ट्रम्पची योजनाही गुंडाळायला घेतली. त्यात कोविडनंतर अमेरिकेत कामगारांची टंचाई, वेनेझुएला क्यूबा निकाराग्वा हैतीमधून लोंढे, सगळं एकदम आलं. 2023 च्या आर्थिक वर्षात, म्हणजे तिकडच्या हिशोबाने सप्टेंबर 2023 पर्यंत, दक्षिण सीमेवर जवळपास 25 लाख वेळा लोकं पकडली किंवा अडवली गेली, आणि एकट्या डिसेंबर 2023 मध्ये अधिकृत नाक्यांच्या मधल्या पट्ट्यात अडीच लाखांच्या आसपास, आत्तापर्यंतचा विक्रम. यात आपलेही होते. 2023 च्याच आर्थिक वर्षात अमेरिकेच्या सगळ्या सीमा मिळून पकडलेल्या भारतीयांचा आकडा 97 हजारांच्या घरात गेला, जास्त करून पंजाब हरियाणा गुजरातकडचे, डंकीवाले, म्हणजे दलालाला पैसे देऊन देशामागून देश ओलांडत चोरवाटेने जाणारे. त्या डिसेंबरात निकाराग्वाला निघालेलं 303 भारतीयांचं विमान फ्रान्समध्ये अडकवलं होतं आणि शेवटी 276 जण परत मुंबईत उतरले, आठवत असेल.

म्हणजे प्रश्न होता, खरा होता. आता राजकारण.

रिपब्लिकन पक्ष म्हणजे एकसारख्या विचाराची माणसं असं आपण धरून चालतो, पण इमिग्रेशनवर हा पक्ष आतून उभा चिरलेला आहे. एका बाजूला धंदेवाले, शेतमालक, बिल्डर, मांस कापायच्या कारखान्यांचे मालक, हॉटेलवाले. यांना स्वस्तात राबणारे हात हवेत, कागद असले नसले तरी. दुसऱ्या बाजूला पक्षाचा सामान्य मतदार, ज्याला वाटतं की पगार पडले, गाव बदललं, कायदा पाळणारा मूर्ख ठरला. या दोघांना 'इमिग्रेशन कसं असावं' असं विचारलं की भांडण. पण 'बॉर्डर सुरक्षित असावी की नाही' असं विचारलं तर दोघंही हो म्हणतात, आणि असं विचारायचं म्हटल्यावर पक्षाला हेच विचारायला आवडणार ना. त्यामुळे सगळी चर्चा रेटून रेटून सीमेवर आणली जाते. भिंत, तार, ड्रोन, जवान, घोडे. शेतात कोण राबतंय यावर मात्र मुरलेले पुढारी एकदम हळू बोलतात.

खरं कोण किती गंभीर आहे हे बघायचं असेल तर ई-व्हेरिफाय नावाच्या गोष्टीकडे बघा. मालकाने कामावर घेताना कंप्युटरवर तपासायचं की या माणसाला काम करायची परवानगी आहे का. सगळ्यांना सक्तीचं केलं तर बेकायदा काम मिळणंच अवघड होईल, भिंतीपेक्षा जास्त फरक पडेल असं माझं मत. मे 2023 मध्ये हाऊसमध्ये, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहात, रिपब्लिकनांनी एच आर 2 नावाचं कडक बिल 219 विरुद्ध 213 ने पास केलं, त्यात ही सक्ती होती, आणि ज्या दोन रिपब्लिकनांनी विरोधात मत दिलं त्यातला एक जॉन डुआर्ते, कॅलिफोर्नियाच्या शेतीपट्ट्यातला, स्वतः शेती-नर्सरीवाला. दुसरा थॉमस मॅसी, त्याला सरकारने प्रत्येकाच्या नोकरीत असं डोकावणंच मान्य नाही. सिनेटमध्ये डेमोक्रॅट्सचं बहुमत होतं, तिथे हे बिल जागचं हलणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून बाकीच्यांना मत द्यायला सोपं गेलं असं मला वाटतं.

आता एक जुनी जखम. 1986 मध्ये रेगनने सौदा केला होता, आधीपासून राहणाऱ्या बेकायदा लोकांना कायदेशीर करू आणि यापुढे मालकांवर कारवाई करून नवीन येणं बंद करू. पहिला भाग झाला, सुमारे 27 लाख लोकं कायदेशीर झाली. दुसरा भाग कागदावर राहिला. तेव्हापासून कंझर्व्हेटिव्ह मतदाराच्या मनात बसलंय की आपल्याला फसवलं, आधी सीमा बंद करा मग बाकीचं बोलू. पुढच्या प्रत्येक तडजोडीच्या छातीवर हे 1986 बसलेलं असतं. बुशने 2007 मध्ये स्वतःचं वजन टाकून बिल आणलं, टॉक रेडिओवाल्यांनी एवढी आग लावली की लोकांच्या फोनने सिनेटच्या लाइनी जाम झाल्या, बिल गेलं. 2012 ला पक्षाचा अध्यक्षीय उमेदवार रॉम्नी हरला, तेव्हा पक्षाने स्वतःचं पोस्टमॉर्टेम केलं आणि मार्च 2013 च्या त्या रिपोर्टमध्ये लिहिलं की हिस्पॅनिक मतं हवी असतील तर इमिग्रेशन सुधारणेला पाठिंबा द्यावाच लागेल. लगेच जूनमध्ये सिनेटमध्ये 68 विरुद्ध 32 ने बिल पास झालं सुद्धा. चौदा रिपब्लिकन बरोबर होते. पण हाऊसच्या स्पीकरने, बेनरने, ते मतदानालाच घेतलं नाही.

का नाही घेतलं याचं उत्तर एका वर्षाने मिळालं, 10 जून 2014 ला, व्हर्जिनियात. एरिक कँटर, हाऊसमधला रिपब्लिकनांचा दोन नंबरचा नेता, पुढचा स्पीकर म्हणून ज्याच्याकडे बघत होते तो, आपल्याच पक्षाच्या प्रायमरीत हरला. डेव्ह ब्रॅट नावाच्या अर्थशास्त्राच्या प्रोफेसरकडून. ब्रॅटकडे पैसे नव्हते, नाव नव्हतं, पण कँटर बेकायदा आलेल्यांना माफी द्यायला निघालाय हे तो गावोगाव सांगत फिरला.

प्रायमरी म्हणजे काय हे इथे थांबून समजून घेतलं पाहिजे, कारण आपल्याकडे असली भानगड नाही, आपल्याकडे तिकीट वरून येतं. तिकडे पक्षाचा उमेदवार कोण हे पक्षाचे मतदार मत देऊन ठरवतात, आणि मत द्यायला येतात थोडेच, जे सगळ्यात जास्त तापलेले असतात ते. कँटरच्या त्या मतदारसंघात साडेसात लाखांच्या आसपास लोकसंख्या, आणि मतदान झालं जेमतेम 65 हजार. ब्रॅटला 36 हजार मतं पडली आणि दोन नंबरचा नेता घरी गेला. त्यात बहुतेक मतदारसंघ असे आखलेत की तिथे नोव्हेंबरमध्ये कोण जिंकणार हे जानेवारीतच माहीत असतं, म्हणजे खासदाराला धोका असतो तो समोरच्या पक्षाकडून नाही, घरातल्याकडून. अशा माणसाला सांगा की तडजोड कर. तो कशाला करेल. देशात काय लोकप्रिय आहे हा त्याचा प्रश्नच नाहीये, मार्च ते जूनमध्ये त्याच्या जिल्ह्यातली ती तीस-चाळीस हजार माणसं काय म्हणतील हा आहे.

याचं अजून एक उदाहरण, मला तर हे जास्त मजेशीर वाटतं. टेक्सासचा 23 नंबरचा मतदारसंघ, मेक्सिकोला लागून आठशे मैलांच्या आसपास सीमा, म्हणजे बॉर्डरवर राहणं काय असतं हे ज्याच्या मतदारांना रोज दिसतं असा. तिथला तेव्हाचा खासदार टोनी गोन्झालेस, नेव्हीत वीस वर्षं काढलेला. त्याने पक्षातल्या कट्टर लोकांच्या एका बॉर्डर बिलाला विरोध केला, शस्त्रांच्या एका कायद्याला पाठिंबा दिला, तर राज्याच्या पक्षाने मार्च 2023 मध्ये त्याच्या निषेधाचा ठराव केला आणि मे 2024 च्या रनऑफमध्ये, म्हणजे प्रायमरीच्या दुसऱ्या फेरीत, बंदुकांचे व्हिडिओ करणाऱ्या एका यूट्यूबरने त्याला जवळपास पाडलंच होतं, काही शे मतांनी वाचला. सीमेवरच्या माणसाला सीमेवरून मऊ ठरवतात, यावरून हा वाद नकाशावर नसून प्रायमरीत चालतो एवढं कळावं.

मग 2015 ला ट्रम्प आला. त्याने भिंत शोधून काढली असं नाही, कुंपणाचा कायदा 2006 चाच आहे, सिनेटमध्ये 80 विरुद्ध 19 ने पास झालेला, ओबामा आणि हिलरी क्लिंटन दोघांनीही बाजूने मत दिलेला. ट्रम्पने केलं ते हे की पक्षाचे मोठे देणगीदार एक सांगतायत आणि सभेला येणारी माणसं दुसरंच मागतायत, तर त्याने सरळ सभेतल्या माणसांचं ऐकलं. बाकीच्या सोळा उमेदवारांतले काही जण अजून ती 2013 ची शिफारस घोकत होते.

पण बॉर्डर काढली की जिंकलो असंही नसतं हं. 2018 च्या मध्यावधीत, म्हणजे अध्यक्षाची मुदत अर्धी झाली की होणाऱ्या संसदेच्या निवडणुकीत, मध्य अमेरिकेतून चालत निघालेल्या लोकांचा तांडा हा ट्रम्पचा शेवटच्या पंधरा दिवसांतला मुख्य विषय होता, पाच हजारांवर सैनिक सीमेवर पाठवले, टीव्हीवर दिवसरात्र तेच. निकाल लागला तर रिपब्लिकनांच्या हाऊसमधल्या चाळीस जागा गेल्या. मग डिसेंबरात भिंतीच्या 570 कोटी डॉलरसाठी 35 दिवस सरकार बंद ठेवलं, आणि पैसे न मिळताच उघडलं. त्याआधी उन्हाळ्यात आईबापांपासून मुलं वेगळी केल्याचे फोटो आले होते ते उपनगरातल्या बायकांना, ज्या कित्येक वर्षं रिपब्लिकनांना मत द्यायच्या, अजिबात पटले नव्हते. सत्तेत तुम्हीच असलात की सीमेवरची प्रत्येक गोष्ट तुमच्या नावावर लागते. विरोधात असलात की तीच गोष्ट समोरच्याच्या नावावर. यामुळेच हा विषय विरोधी पक्षात बसून खेळायला जास्त बरा.

2022 मध्ये टेक्सासचा गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबटने जी चाल केली ती, तुम्हाला आवडो न आवडो, राजकारण म्हणून फार पोचलेली होती. त्याने एप्रिलपासून सीमेवर आलेल्या लोकांना बसमध्ये बसवून वॉशिंग्टनला पाठवायला सुरुवात केली, ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क, मग शिकागो, डेन्व्हर. 2022 च्या ख्रिसमसच्या आदल्या रात्री कडाक्याच्या थंडीत कमला हॅरिसच्या घराबाहेर बसमधून माणसं उतरवली, काही जण टीशर्टवर होते. माणसांना पार्सलसारखं वापरलं म्हणून शिव्या पडल्या आणि त्या पडायलाच पाहिजे होत्या. पण झालं काय, तर आम्ही सगळ्यांचं स्वागत करतो म्हणणाऱ्या शहरांना हॉटेलं भाड्याने घ्यायला लागली. मॅनहॅटनचं रूझवेल्ट हॉटेल त्यासाठीच दिलं गेलं, आणि ते हॉटेल कोणाच्या मालकीचं, तर पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या करदात्याचे पैसे थेट तिकडे. सप्टेंबर 2023 ला न्यूयॉर्कचा डेमोक्रॅट महापौर एरिक अ‍ॅडम्स जाहीरपणे म्हणाला की या प्रश्नाने न्यूयॉर्क शहराची वाट लागेल. अ‍ॅबटला अजून काय पाहिजे होतं. हजारो किलोमीटरवरची सीमा त्याने डेमोक्रॅट्सच्या दारात नेऊन ठेवली. फेब्रुवारी 2024 मध्ये गॅलपच्या पाहणीत देशापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न कोणता यावर 28 टक्के लोकांनी इमिग्रेशन सांगितलं, सगळ्यात वरचं उत्तर.

आणि बरोबर त्याच महिन्यात लँकफर्डचं बिल. आता समजेल ते किती चुकीच्या मुहूर्तावर आलं.

बिलात होतं काय, तर एकूण 11,800 कोटी डॉलर, त्यातले सुमारे 2,000 कोटी सीमेसाठी, बाकी युक्रेन इस्राएल वगैरे. असायलमची पहिली चाळणी कडक, निकाल वर्षांऐवजी महिन्यांत, आणि आठवड्याची सरासरी रोज 5,000 माणसांवर गेली की सीमा बंद करायचा अधिकार वापरणं सक्तीचं. बेकायदा राहणाऱ्यांना नागरिकत्वाचा रस्ता, जो डेमोक्रॅट्स आजवर प्रत्येक सौद्यात मागायचे, तो यात नव्हताच, म्हणून काही डाव्या डेमोक्रॅट्सनीही विरोध केला. सीमेवरच्या जवानांच्या युनियनने, जी एरवी उघड उघड ट्रम्पवाली, तिने बिलाला पाठिंबा दिला.

विरोध करणाऱ्या कंझर्व्हेटिव्हांचं म्हणणंही ऐकून घेऊ, सगळेच काही लबाड नव्हते. एक, 5,000 हा आकडा म्हणजे रोज 4,999 चालतील असं लिहून दिल्यासारखं वाटतं. हे पूर्ण बरोबर नाही, कारण तो आकडा आत घ्यायच्या लोकांचा नव्हता, आणीबाणी लागू व्हायचा होता, पण टीव्हीवर दहा सेकंदांत समजावता येत नाही. दुसरं, अध्यक्षाकडे अधिकार आधीपासून आहेत, नवीन कायदा कशाला, इच्छा पाहिजे. हा मुद्दा वजनदार होता, आणि गंमत म्हणजे तो बायडननेच सिद्ध केला, जूनमध्ये फक्त आदेश काढून असायलम आवळलं आणि आकडे धाडकन खाली आले. मग तीन वर्षं काय करत होतात, असं रिपब्लिकनांनी विचारलं, आणि डेमोक्रॅट्सकडे त्याला धड उत्तर नव्हतं.

ट्रम्पने काही लपवलं नाही. बिलाचा मसुदा येण्याआधीच, जानेवारीच्या शेवटी लास वेगासच्या सभेत तो म्हणाला की काही जण मला दोष देतायत, द्या, खुशाल द्या. स्पीकर माइक जॉन्सनने सांगून टाकलं की हाऊसमध्ये हे आलं तर मेलेलंच असेल. ज्यांनी चार महिने सीमेचं बिल द्या म्हणून युक्रेनचे पैसे अडवले होते त्यांनी बिल आल्यावर पाठ फिरवली, आणि एप्रिलमध्ये युक्रेनचे पैसे सीमेच्या एका ओळीशिवाय पास झाले. म्हणजे कायदा म्हणून हातात शून्य. पण प्रश्न मात्र नोव्हेंबरपर्यंत जसाच्या तसा हातात.

त्याच आठवड्यात हाऊसमध्ये दुसरा तमाशा. गृहसुरक्षा मंत्री मायोर्कसवर महाभियोग. 6 फेब्रुवारीला मतदान, रिपब्लिकनांचा हिशोब एकदम काठावरचा, आणि तेवढ्यात टेक्सासचा डेमोक्रॅट अल ग्रीन ऑपरेशननंतर हॉस्पिटलच्या कपड्यांत, पायात नुसते मोजे, व्हीलचेअरवरून आत. मतं सारखी झाली, ठराव पडला. पुढच्या आठवड्यात कॅन्सरच्या उपचारांतून रिपब्लिकन नेता स्टीव्ह स्कॅलीस परत आला आणि 214 विरुद्ध 213, एका मताने पास. विरोधातल्या त्या 213 मध्ये एक मत आपल्या श्री ठाणेदारांचंही होतं, चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले, मिशिगनचे डेमोक्रॅट खासदार. एप्रिलमध्ये सिनेटने तो महाभियोग खटला न चालवताच निकालात काढला. निकाल असाच लागणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण महाभियोगाच्या बाजूने मत दिलं होतं हे प्रायमरीत सांगता येतं ना.

डेमोक्रॅट्सनीही यातून काही शिकलं नाही असं नाही. ज्या दिवशी तो महाभियोग पास झाला त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर पोटनिवडणूक होती, तिथे टॉम सुओझी या डेमोक्रॅटने बॉर्डर टाळली नाही, उलट स्वतःच काढली, बिल कोणी पाडलं ते सांगत फिरला आणि जिंकला. पण हॅरिसला हे देशभर जमलं नाही, तिला 2021 मध्ये, लोकं आपला देश सोडून का येतात त्याची मूळ कारणं बघायचं काम दिलं होतं, त्यावरून 'बॉर्डर झार', म्हणजे सीमेची सर्वेसर्वा, हे लेबल चिकटवलं होतं ते निघालं नाही. आणि नोव्हेंबरमध्ये जे झालं त्याने 2013 चा तो रिपोर्ट पार उलटा पाडला. स्टार काउंटी, टेक्सासमध्ये रिओ ग्रांदेच्या काठावर, शंभरातले पंच्याण्णवच्या वर हिस्पॅनिक, तिथे शंभरहून जास्त वर्षांत पहिल्यांदा रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवार जिंकला. ज्यांना दुखावू नका असं पक्षाला सांगितलं होतं त्यातल्या कित्येकांनी कडक बोलणाऱ्यालाच मत दिलं. त्यांना महागाई होती, पण रांगेत थांबून आलेल्यांना रांग मोडून आलेल्यांचा राग असतो, हे आपल्या एच-वन-बी आणि ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-पंधरा वर्षं उभ्या असलेल्या कोणत्याही मराठी घरात विचारा.

पण या घरांना दुसरा धक्काही लगेच बसला. आपण कायदेशीर आहोत, बॉर्डरचा आपल्याशी संबंध नाही असं बऱ्याच जणांना वाटायचं. डिसेंबर 2024 मध्ये, अजून शपथविधीही झाला नव्हता, तेव्हाच रिपब्लिकनांमध्ये एच-वन-बी वरून जुंपली, एकीकडे मस्क आणि रामस्वामी, दुसरीकडे बॅनन आणि त्याची मंडळी. तीच जुनी चीर, धंदेवाले विरुद्ध बेस, म्हणजे पक्षाचा पक्का मतदार, फक्त शेतमजुराच्या जागी इंजिनियर. आणि 19 सप्टेंबर 2025 ला नवीन एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर फी लावली. त्या शुक्रवारी-शनिवारी नवरात्राच्या तोंडावर सुट्टीवर आलेली किती पोरं कंपनीच्या मेलवर घाबरून उलट्या विमानाने परत पळाली, मग खुलासा आला की जुन्या व्हिसावाल्यांना हे नाही.

सीमा बंद झाली की सीमेवरून तापलेल्या पक्षाला पुढचं काहीतरी लागतं, असं माझं मत आहे, आणि 2025 मध्ये तेच दिसलं. सीमेवर पकडले जाणारे महिन्याला अडीच लाखांवरून आठ-दहा हजारांच्या आत आले, 1970 नंतर एवढं कमी वर्ष नव्हतं. ट्रम्पने जे सांगितलं ते केलं हे विरोधकांनाही नाकारता येत नाही. मग लक्ष वळलं आतल्या लोकांकडे, शहरांतले छापे, कारखान्यांतले छापे, आणि तिथे लगेच पक्षाचे शेतमालक ओरडले. जून 2025 मध्ये शेतं, हॉटेलं आणि रेस्टॉरंटवरचे छापे थांबवायचा आदेश निघाला, बेस खवळला, चार दिवसांत आदेश मागे.

आणि लोकांचं मत? गॅलपच्याच पाहणीत इमिग्रेशन कमी करा म्हणणारे 2024 मध्ये 55 टक्के होते, जुलै 2025 मध्ये 30. घरात साप नाही म्हटल्यावर काठी कोण शोधतं. त्यामुळे 2026 च्या मध्यावधीत रिपब्लिकन उमेदवाराची अडचण वेगळी आहे, प्रायमरीत त्याला अजून कडक व्हायचंय आणि नोव्हेंबरमध्ये ज्यांच्याकडे जायचंय त्यांना वाटतंय की झालं की आता, एवढं पुरे. तरी पैशाची सोय लांबची करून ठेवलीये. 4 जुलै 2025 ला सही झालेल्या ट्रम्पच्या कर आणि खर्चाच्या मोठ्या कायद्यात एकट्या भिंतीसाठी 4,650 कोटी डॉलर आहेत, आणि ते खर्च करायची मुदत सप्टेंबर 2029 पर्यंत, म्हणजे मधे 2028 ची अध्यक्षीय निवडणूकही आली.